मुलीच्या परदेशातल्या घराचा खर्च आपल्या चलनात गुणून पाहावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. परदेशात राहणाऱ्या मुलीकडे काही महिने राहून आलात. तिथे किराणा, भाजी, दूध, बाहेरचं जेवण, प्रवास या सगळ्याची रोज वहीत नोंद ठेवलीत आणि प्रत्येक आकडा त्या दिवशीच्या विनिमय दराने आपल्या चलनात बदलून शेजारी लिहिलात. बेरीज पाहून छातीत धस्स झालं. मुलगी म्हणते, असं गुणायचं नसतं. जावई म्हणतात, खाणं तर तिथे उलट स्वस्त आहे. मग खरं कोणाचं, आणि या वहीतून काही कळतं का?

वही मोलाची आहे, ती जपून ठेवा. ग्राहक किंमत निर्देशांकासाठी, म्हणजे महागाई मोजणाऱ्या आकड्यासाठी, दुकानांतून किमती गोळा करणं आणि आलेले आकडे तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम आहे. इतक्या नेटाने ठेवलेली घरगुती नोंद क्वचितच पाहायला मिळते. वहीतला एकेक आकडा खरा आहे. पण सगळे आकडे एकाच दराने गुणून केलेली बेरीज कोणत्याच प्रश्नाचं उत्तर देत नाही, कारण तुमच्या मनात एक नव्हे, तीन प्रश्न आहेत. तोच माल कोणत्या देशात महाग मिळतो? पुन्हा गेलो तर आपल्या खिशातून किती जाईल? आणि मुलीचं तिच्या पगारात नीट भागतंय ना? तुमच्या पत्राचा सूर पाहता तिसरा प्रश्नच तुम्हाला खरा छळतो आहे. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या रीतीने काढावी लागतात.

आधी विनिमय दराचं पाहू. दोन चलनांचा बाजारातला दर ठरतो तो आयात-निर्यात, व्याजदर, देशात येणारं-जाणारं भांडवल आणि पुढे काय होईल याचे अंदाज यांवरून. केस कापणं, घरभाडं, मुलांचं पाळणाघर, मोलकरणीचा पगार यांचा त्यात थेट वाटा नसतो, कारण या गोष्टी जहाजात भरून दुसऱ्या देशात विकता येत नाहीत. गुस्ताव कासेल या स्वीडिश अर्थशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये ‘क्रयशक्ती समानता’ ही संज्ञा रूढ केली. कल्पना साधी होती: दोन देशांत तेवढीच खरेदी करायला ज्या प्रमाणात पैसे लागतात, तो त्या चलनांचा खरा दर. प्रत्यक्षात बाजारातला दर या दरापासून बराच लांब असतो, आणि तोही ठरावीक दिशेने. श्रीमंत देशातल्या किमती बाजारदराने बदलल्या की महाग दिसतात, गरीब देशातल्या स्वस्त दिसतात.

असं का होतं याचं एक स्पष्टीकरण १९६४ मध्ये बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. कारखान्यात यंत्रामुळे एक कामगार पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त माल काढतो, म्हणून त्याचा पगार वाढतो. न्हाव्याला मात्र एक डोकं कापायला दोन्ही देशांत साधारण तेवढाच वेळ लागतो. पण श्रीमंत देशातल्या न्हाव्याला कारखान्यातल्या पगाराच्या जवळपास मिळालं नाही, तर तो कात्री ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून तिथे केस कापणं महाग. अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने समजावली: जिथे माणसं भरपूर आणि भांडवल थोडं, तिथे श्रम स्वस्त, आणि ज्यात मुख्यतः श्रमच असतात त्या सेवाही स्वस्त.

हे तुमच्या वहीला लावून पाहा. अन्नाच्या नोंदींचे दोन गट करा. एका गटात धान्य, साखर, तेल, कडधान्य, दुधाची भुकटी असा माल, जो देशोदेशी फिरतो. दुसऱ्यात ज्याच्या किमतीत माणसाची मेहनत आणि जागेचं भाडं जास्त आहे असं सगळं: उपाहारगृहातलं जेवण, तयार डबा, चिरून ठेवलेली भाजी, घरपोच येणारं सामान. पहिल्या गटात दोन देशांतला फरक बहुतेक वेळा तुलनेने कमी निघेल, एखादी वस्तू तिथे स्वस्तही निघेल. दुसऱ्या गटात तो डोळ्यांत भरेल. जावई आठवड्याचा किराणा आणतात, तुम्हाला बाहेरच्या जेवणाचं बिल लक्षात राहिलं. दोघंही खरं बोलताय.

‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने १९८६ मध्ये पॅम वुडॉल यांच्या कल्पनेतून बिग मॅक निर्देशांक सुरू केला. मॅकडोनाल्ड्सचा बिग मॅक हा एकच बर्गर देशोदेशी केवढ्याला पडतो त्यावरून चलन महाग आहे की स्वस्त याचा अंदाज घ्यायचा. गंमत म्हणून सुरू झालेली ती गोष्ट आजही वापरात आहे, पण त्या बर्गरच्या किमतीतही पाव आणि भाजीबरोबर तिथल्या कामगाराचा पगार आणि दुकानाचं भाडं असतंच. एका पदार्थावरून देशाचा महागपणा ठरवू नये याचं ते चांगलं उदाहरण आहे.

आता वस्तूशी वस्तू जुळवण्याबद्दल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घरगुती तुलना सर्वांत जास्त इथेच फसते. जगभरातल्या किमतींची तुलना करणारा आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रम १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांच्या पुढाकाराने सुरू झाला. आज तो जागतिक बँकेतून चालतो आणि २०२१ च्या फेरीत १७६ अर्थव्यवस्था सहभागी होत्या. त्यात ‘तांदूळ’ एवढं लिहून चालत नाही. दाणा लांब की आखूड, पॉलिश केलेला की नाही, सुटा की पाकिटातला, पाकीट किती वजनाचं, नावाजलेल्या कंपनीचं की साधं, कोणत्या प्रकारच्या दुकानातलं, हे सगळं ठरवूनच किंमत घेतली जाते. वर्णन जुळलं नाही तर आकडा बाजूला ठेवतात. आमच्या कामातले निम्मे वाद ‘या दोन वस्तू एकच मानायच्या का’ यावरच होतात.

घरीही तेवढी काळजी घ्या. पाकिटाची किंमत लिहू नका, किलोची किंवा लिटरची लिहा. युरोपीय संघात १९९८ च्या निर्देशामुळे बहुतेक मालावर करासहित अंतिम किंमत आणि एकक किंमत, म्हणजे किलो किंवा लिटरमागची किंमत, दोन्ही दाखवावी लागतात. तिथे काम सोपं आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत विक्रीकर फळीवरच्या किमतीत धरलेला नसतो, तो बिलात वर चढतो. किराण्याच्या मालाला बऱ्याच राज्यांत तो माफ असतो, पण उपाहारगृहात लागतो, आणि त्यावर बक्षिसी वेगळी. म्हणून तिथे लेबल पाहून लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष दिलेले पैसे यांत फरक पडतो. नेहमी बिलाच्या तळाचा आकडा घ्या. मापंही तपासा: एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. दुधाच्या किंवा पेट्रोलच्या तुलनेत या दोन गॅलनांची गल्लत झाली तर किंमत एकपंचमांशाने सरकते, आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

दुकानही सारखं हवं. तिथली नोंद मोठ्या साखळी दुकानातली आणि इथली कोपऱ्यावरच्या दुकानातली असेल तर तुम्ही देशांची नव्हे, दुकानांची तुलना करता आहात. हंगामाचंही तसंच. फळं-भाज्यांचा हंगाम दोन्ही देशांत वेगवेगळ्या महिन्यांत येतो. एकाच महिन्यातल्या किमती शेजारी ठेवल्या तर एकीकडची भर हंगामातली आणि दुसरीकडची साठवणीतली, असं होऊ शकतं.

एवढं सगळं जुळवूनही एक अडचण उरते, आणि माझ्या मते तुमच्या घरातल्या वादाचं मूळ तिथेच आहे. टोपली, म्हणजे खरेदीची यादी, कोणाची धरायची? एक छोटा हिशेब मांडते, आकडे कल्पित आहेत. समजा दोनच वस्तू आहेत, धान्य आणि फळं. ‘अ’ देशात धान्य किलोला १ आणि फळं किलोला ५. ‘ब’ देशात, एकाच चलनात आणल्यावर, धान्य ३ आणि फळं ४. ‘अ’ देशातलं कुटुंब महिन्याला १० किलो धान्य आणि २ किलो फळं खातं. त्याचा घरचा खर्च २०. तीच टोपली ‘ब’ देशात भरली तर ३८. म्हणजे ‘ब’ देश जवळजवळ दुप्पट महाग. आता ‘ब’ देशातलं कुटुंब घ्या. ते २ किलो धान्य आणि १० किलो फळं खातं. त्याचा घरचा खर्च ४६, आणि तीच टोपली ‘अ’ देशात ५२. म्हणजे महाग देश ‘अ’. किमती त्याच, दिवस तोच, गणितात चूक नाही, तरी दोन घरांची दोन उलट उत्तरं आली आणि दोन्ही बरोबर आहेत.

असं होतं कारण माणसं जिथे राहतात तिथे जे त्यातल्या त्यात स्वस्त मिळतं, तेच जास्त घेऊ लागतात. स्वतःची टोपली घेऊन दुसऱ्या देशात गेलं की तो देश आहे त्याहून महाग भासतो. एका देशाची टोपली धरून निर्देशांक काढण्याची रीत एत्येन लास्पेयर्स यांची, १८७१ ची. दुसऱ्या बाजूची टोपली धरणारी रीत हेर्मान पाशे यांची, १८७४ ची. आयर्विंग फिशर यांनी १९२२ मध्ये दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ घ्यावं असं सुचवलं. वरच्या उदाहरणात (३८ भागिले २० आणि ४६ भागिले ५२ यांच्यावरून) ते सुमारे १.३ येतं, म्हणजे ‘ब’ देश तीस टक्क्यांच्या आसपास महाग. घरी वर्गमूळ काढत बसायची गरज नाही. पण तुम्ही आपल्या सवयीचे जिन्नस तिथे शोधून, दूरच्या खास दुकानातून आणवून घेतलेत आणि त्यांचीच किंमत वहीत लिहिलीत, तर तुमची बेरीज तुमच्या टोपलीची आहे. मुलगी एवढ्या वर्षांत तिथल्या बाजाराप्रमाणे बदलली असेल. तिच्या सवयीच्या आठवड्याची एक वेगळी यादी करा, आणि ती यादी तिलाच सांगू द्या.

आता वहीत जे नाही त्याकडे वळते. पाहुण्याला दिसतो तो हातातून जाणारा खर्च: दुकान, हॉटेल, तिकीट. घराला पडणारा मोठा खर्च बँकेच्या खात्यातून आपोआप जातो आणि पाहुण्याच्या नजरेला पडत नाही. घरभाडं किंवा कर्जाचा हप्ता, आरोग्य विमा, गाडीचा विमा, पाळणाघराची फी, घर तापवण्याचा खर्च, आयकर, निवृत्तीसाठीची कपात. तुमच्या वहीत भाज्यांसाठी पानंच्या पानं आहेत आणि या रकमांसाठी एकही ओळ नाही. त्यामुळे भाजी स्वस्त निघो की महाग, मुलीचं घर कसं चाललंय याचा त्यातून पत्ता लागत नाही.

इथे दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही स्वतःच्या घरात राहत असाल तर तुमच्या खर्चात भाडं शून्य दिसतं. ते खरं शून्य नसतं. तसंच घर भाड्याने घ्यायचं तर काय द्यावं लागलं असतं, तो आकडा आंतरराष्ट्रीय तुलनेत खर्च म्हणून धरतात. तुमच्या बाजूला शून्य आणि मुलीच्या बाजूला पूर्ण भाडं ठेवून तुलना केली तर ती तिच्यावर अन्याय करणारी होईल. दुसरी गोष्ट उलट दिशेची आहे. काही देशांत शाळा आणि दवाखाना करातून चालतात, काही देशांत दरवेळी खिशातून पैसे मोजावे लागतात. म्हणून जाणकार तुलनेत सरकारकडून मिळणारं शिक्षण आणि आरोग्यसेवाही कुटुंबाच्या उपभोगात मिळवतात. मुलीचा कर पाहून हळहळण्याआधी त्या बदल्यात तिला काय मिळतं ते विचारा. काहीच मिळत नसेल, तर मात्र तो कर आणि विमा दोन्ही खर्चाच्या बाजूला पूर्ण धरा.

तुमचं तिथे असणंही हिशेब बदलतं. युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने स्वीकारलेल्या एका मोजपट्टीत घरातल्या पहिल्या प्रौढाला १, पुढच्या प्रत्येक प्रौढाला ०.५ आणि १४ वर्षांखालच्या मुलाला ०.३ धरतात. मुलगी, जावई आणि एक लहान मूल म्हणजे १.८. तुम्ही दोघं गेलात की २.८. त्या घराची गरज दीडपटीच्याही वर जाते, पण भाडं तेवढंच राहतं. म्हणजे तुमच्या मुक्कामात अन्नाचा वाटा नेहमीपेक्षा फुगलेला असतो. त्यात आईवडील आले म्हणून घरात चार पदार्थ जास्त होतात, फिरणं होतं, बाहेर जेवणं होतं. दुसरीकडे तुम्ही नातवंडाला सांभाळलंत, रोज घरी स्वयंपाक केलात, तर पाळणाघराचे आणि बाहेरच्या जेवणाचे पैसे वाचलेही असतील. तुमची वही हा त्या घराचा नेहमीचा महिना नाही. मुलीला तुम्ही जाण्यापूर्वीच्या किंवा परतल्यानंतरच्या एखाद्या साध्या महिन्याचा अंदाज विचारा.

मग मुलीचं भागतंय का, हे कसं मोजायचं? मी मिनिटांत मोजायला सांगेन. तिच्या हातात येणारा वर्षाचा पगार, कर आणि कपात वजा जाऊन, कामाच्या तासांनी भागा. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ तासांत धरा, तोही तिने दिलेलाच आहे. यातून तिच्या एका तासाची किंमत तिच्या चलनात मिळते. मग वहीतली मूळ चलनातली किंमत घ्या आणि ती वस्तू मिळवायला तिला किती मिनिटं राबावं लागतं ते काढा. तेच तुमच्याकडे, तुमच्या किंवा तिच्यासारखं काम करणाऱ्या इथल्या माणसाच्या पगारावर करा. विनिमय दराची गरजच उरत नाही. यूबीएस ही स्विस बँक १९७१ पासून शहरांच्या किमती आणि पगारांची तुलना प्रसिद्ध करत असे, तीत कामाच्या वेळाचा हाच मापदंड वापरला जाई. या रीतीने पाहिलं की वहीतल्या कित्येक ‘महाग’ वस्तू अचानक हलक्या होतात, आणि काही, विशेषतः भाडं आणि पाळणाघर, आणखी जड होतात.

दुसरं माप वाट्याचं. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवलं की उत्पन्न वाढतं तसा खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, अन्नावरची रक्कम वाढली तरीसुद्धा. हा नियम आजवर देशोदेशी टिकून आहे. म्हणून मुलीच्या खर्चात अन्नाचा वाटा तुमच्यापेक्षा कमी दिसला तर नवल नाही. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. मोठ्या शहरात राहणाऱ्या तरुण कुटुंबाची ओढाताण अन्नात नसते, घरात असते. घर, विमा आणि मुलाची सोय एवढं गेल्यावर पगारातला कितवा भाग उरतो, आणि नोकरी गेली तर साठवणीवर किती महिने निघतील, हे दोन आकडे कळले तर वहीतल्या सगळ्या पानांपेक्षा जास्त कळलं असं समजा. पगाराची रक्कम विचारू नका, वाटा विचारा. ‘पगाराचा तिसरा हिस्सा भाड्यात जातो का गं, की अर्धा?’ या प्रश्नाला लेकी मोकळेपणाने उत्तर देतात. ‘तुला मिळतं किती?’ याला देत नाहीत.

विनिमय दर अगदी टाकाऊ आहे असं मात्र समजू नका. पैसा सीमा ओलांडतो तिथे तोच खरा. तुमचं विमानाचं तिकीट, तुम्ही इथल्या पेन्शनमधून तिथे केलेला खर्च, मुलीने इथे पाठवलेली रक्कम, तिने परत येऊन इथे घर घ्यायचं ठरवलं तर त्यासाठीची तिची बचत, हे सगळं बाजारातल्या दरानेच बदलायचं. कार्डाने पैसे देताना बँक आपला अधिभार लावते, तो धरा. परदेशातल्या दुकानात यंत्राने ‘तुमच्या चलनात भरायचं का’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि तिथल्या चलनात भरा. होकार दिला तर दर दुकानदाराच्या बाजूने ठरतो आणि तो बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो. मुलीला तुमच्या मुक्कामाचा भार उचलू द्यायचा नसेल, तर किराण्यातला वाटा तिथल्या चलनात द्या. ‘आपल्याकडे याचे इतके झाले असते’ हे वाक्य जेवणाच्या ताटावर नको. त्या वाक्यानंतर मुलं आईवडिलांसाठी काही विकत घेताना बिल लपवू लागतात, आणि मग तुम्हाला त्या घराचं काहीच खरं कळत नाही.

आणि मुलगी इथे येईल तेव्हा हाच घोळ उलट बाजूने होईल. तिला सगळं स्वस्त वाटेल. ती रिक्षा, जेवण, कामाला बाई यांच्या किमती तिच्या चलनात भागून पाहील आणि ‘एवढ्यात तर तुमचं आरामात भागत असेल’ असं मनापासून म्हणेल. तुमचं उत्पन्न तिच्या चलनात येत नाही, तुमच्या पेन्शनमधून येतं. तिच्यासाठी त्याच वहीत एक पान आजच उघडा: महिन्याची औषधं, आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता, घराची दुरुस्ती, वीज, आणि यांतल्या प्रत्येकाला तुमच्या पेन्शनचा कितवा भाग लागतो. ती आली की ते पान तिच्यापुढे ठेवा, आणि तिचं तसंच पान तिला मागा.